खात्रीचे महाविद्यालय: यादीतील पहिले नाव

अमेरिकेतील महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज करावयाचे एकदा ठरले, म्हणजे ते कुटुंब न्यू जर्सीतील एडिसनचे असो की पुण्यातील कोथरूडचे, घरात प्रथम एक यादी तयार होते. तिच्या शिरोभागी स्टॅनफर्ड, हार्वर्ड, एमआयटी ही नावे विनासायास येऊन बसतात, मधल्या नावांवर आई, वडील, खुद्द अर्जदार आणि तिकडे आधीच स्थायिक झालेला एखादा मावसभाऊ यांच्यात कित्येक संध्याकाळी वादविवाद रंगतो, आणि तळाशी, मुदत संपायला दोनतीन दिवस उरले असताना, ‘हेही असू द्या, इथे तर मिळेलच’ असे म्हणून, आमंत्रणाच्या यादीत भिडेखातर घातलेल्या दूरच्या नातेवाइकासारखे, एखादे नाव टाकून दिले जाते. तिकडे या नावाला ‘सेफ्टी स्कूल’ म्हणतात. आपण त्याला खात्रीचे महाविद्यालय म्हणू. प्रस्तुत लेखाचा विषय हे उपेक्षित नाव हाच आहे.

खात्रीच्या महाविद्यालयाला तीन गोष्टींची खात्री हवी. प्रवेश मिळेल याची पहिली, चार वर्षांचा खर्च घराला झेपेल याची दुसरी, आणि इतर सर्वत्र नकार आले तरी मूल तेथे स्वखुशीने जाईल याची तिसरी. यांपैकी एकही डळमळीत असली तर ते महाविद्यालय यादीत केवळ जागा अडवून बसते. यादीतील इतर सर्व नावांच्या बाबतीत अखेरचा निर्णय परक्या समितीच्या हाती असतो आणि आपण कितीही परिश्रम केले तरी तो आपल्या स्वाधीन होत नाही. खात्रीच्या महाविद्यालयाच्या बाबतीत मात्र निवड वस्तुतः आपणच करीत असतो. सबब ज्या नावावर आज सर्वांत कमी वेळ खर्च होतो, त्याच नावावर सर्वांत अधिक विचार खर्ची पडला पाहिजे.

प्रथम एक हिशेब स्पष्ट करून घेतला पाहिजे, कारण सुशिक्षित पालकही त्यात फसतात. ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जव्यवस्थेतून एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त २० महाविद्यालयांकडे अर्ज करता येतो. तेव्हा दहांत एकालाच प्रवेश देणाऱ्या दहा संस्थांकडे अर्ज धाडले, म्हणजे त्यांतील एकीकडून तरी होकार येणारच, असा समज रूढ आहे. हे दहा निर्णय परस्परांपासून संपूर्ण स्वतंत्र आहेत असे क्षणभर मानले, तरीही एकही होकार न येण्याची शक्यता शंभरात सुमारे पस्तीस उरते; आणि ते स्वतंत्र तर नसतातच, कारण सर्व समित्यांपुढे गुणपत्रक तेच, निबंध तोच आणि शिफारसपत्रेही तीच असतात, त्यामुळे जी उणीव एका समितीच्या नजरेस येते ती दुसरीच्याही येण्याचा संभव मोठा. अवघड संस्थांची संख्या वाढविल्याने शुल्काचा खर्च निश्चित वाढतो. खात्री निर्माण होत नाही.

दुसरा भ्रम जुन्या लौकिकाचा. पंचवीस वर्षांपूर्वी पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या काका-मामांच्या स्मरणात जी विद्यापीठे ‘सोपी’ म्हणून नोंदली गेली आहेत, त्यांतील कित्येक आज दुर्लभ झाली आहेत. बॉस्टनचे नॉर्थईस्टर्न विद्यापीठ २००० सालाच्या सुमारास निम्म्याहून अधिक अर्जदारांना घेत असे. अलीकडे हेच प्रमाण शंभरात पाचसहांवर आले आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्रमाणही आता दहांत एकाच्या खाली आहे. म्हणून आप्तांचा सल्ला आदराने ऐकावा, पण यादीत नाव घालण्यापूर्वी गेल्या एकदोन वर्षांचे आकडे स्वतः पाहावेत.

हे आकडे पाहावयाचे कोठे, तर ‘कॉमन डेटा सेट’ या विवरणात. बहुतेक विद्यापीठे ते दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात आणि जाहिरातीच्या रंगीत पुस्तिकेत जे आढळत नाही ते या रुक्ष कोष्टकांत आढळते. त्यातील ‘सी-७’ या कोष्टकात शालेय गुण, परीक्षेतील अंक, निबंध, अर्जदाराने दाखविलेली आस्था, राज्यातील रहिवास इत्यादी बाबींना ती संस्था किती महत्त्व देते हे खुणा करून दर्शविलेले असते. ‘सी-९’ मध्ये प्रत्यक्ष दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे सॅट व ॲक्ट या परीक्षांतील अंक खालच्या चतुर्थांशाची, मध्याची आणि वरच्या चतुर्थांशाची सीमा दाखवून दिलेले असतात. येथे एक सावधगिरी बाळगावी: ज्या संस्थेत परीक्षेचे अंक सादर करणे ऐच्छिक आहे, तेथे चांगले अंक मिळविणारेच ते सादर करतात आणि कोष्टकातील आकडे फुगतात, म्हणून किती टक्के विद्यार्थ्यांनी अंक दिले होते, हा तेथेच छापलेला आकडाही वाचावा. आपल्या मुलाचे अंक वरच्या चतुर्थांशाच्या सीमेपलीकडे आहेत, शालेय गुणही त्या मानाने आहेत, आणि ती संस्था एकूण अर्जदारांपैकी निम्म्याहून बऱ्याच अधिकांना घेते, अशा तिन्ही गोष्टी एकत्र जुळल्या तरच पहिल्या खात्रीच्या जवळपास आपण आलो असे समजावे. हार्वर्ड व स्टॅनफर्ड अलीकडे शंभरांत सुमारे चौघांनाच घेतात. तेथे अंक कितीही उत्तम असले तरी खात्री हा शब्द उच्चारण्यात अर्थ नाही.

मात्र विद्यापीठाचा आकडा आणि अभ्यासक्रमाचा आकडा या दोन भिन्न बाबी आहेत, आणि आपल्याकडील मुलामुलींचा मोठा ओघ संगणकशास्त्र व अभियांत्रिकी यांकडेच असल्यामुळे या भेदाचा फटका आपल्याला अधिक बसतो. इलिनॉय राज्याचे अर्बाना-शॅम्पेन येथील विद्यापीठ एकूण अर्जदारांतील शंभरी चाळिसांच्या आसपास विद्यार्थ्यांना घेत आले आहे, परंतु तेथील संगणकशास्त्राचे प्रमाण एकअंकी आहे. सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात परराज्यातील अर्जदारास संगणकशास्त्रात थेट प्रवेश मिळणे तर त्याहून दुष्कर. ‘आधी आत तर शिरू, मग शाखा बदलू’ हा बेत अशा ठिकाणी बहुधा फसतो, कारण आत गेल्यावर त्या शाखेत जाण्याचा मार्ग अतिशय अरुंद असतो किंवा बंदच असतो. म्हणून खात्रीचे महाविद्यालय निवडताना, अर्जात भरलेल्या शाखेतच थेट प्रवेश देतात काय, आणि न दिल्यास पुढे कोणत्या अटींवर देतात, हे विद्यापीठाच्या प्रवेशदप्तराला पत्र लिहून विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

यापेक्षा बळकट खात्री देणारा एक वर्ग आहे: जेथे प्रवेशाचा नियमच जाहीर केलेला असतो आणि समितीच्या लहरीला वाव नसतो. ॲरिझोना राज्य विद्यापीठ आपल्या अटी प्रसिद्ध करते. नेमून दिलेल्या शालेय विषयांत चारांपैकी तीन गुणांकाची सरासरी, किंवा वर्गातील वरच्या चतुर्थांशात क्रमांक, किंवा परीक्षेतील ठरावीक अंक, यांपैकी एक अट पुरी केली म्हणजे सर्वसाधारण प्रवेश मिळतो, अभियांत्रिकीसारख्या शाखांना त्याहून अधिक अटी असतात. आयोवा राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत शालेय गुण, परीक्षेतील अंक आणि मूलभूत विषयांचा अभ्यास यांवरून एक निर्देशांक काढतात, आणि तो २४५ वा अधिक आला की राज्यातील रहिवाशाचा प्रवेश ठरलेला असतो. टेक्सासच्या विधिमंडळाने १९९७ साली केलेल्या कायद्यान्वये त्या राज्यातील शाळेत वरच्या दहा टक्क्यांत आलेल्या विद्यार्थ्याला राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो; ऑस्टिनच्या विद्यापीठापुरती ही मर्यादा सहा टक्क्यांवर आली होती आणि २०२६ च्या शरद सत्रापासून ती पाच टक्के आहे. कॅलिफोर्नियाचे विद्यापीठ राज्यातील वरच्या नऊ टक्क्यांतील रहिवासी विद्यार्थ्याला कोठेच जागा न मिळाल्यास, जागा शिल्लक असलेल्या एखाद्या केंद्रात ती देऊ करते.

या नियमांची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय मात्र निश्चिंत होऊ नये. टेक्सासची हमी विद्यापीठाच्या प्रवेशाची आहे, संगणकशास्त्राच्या वा अभियांत्रिकीच्या जागेची नाही. कॅलिफोर्नियाची जागा बव्हंशी २००५ साली सुरू झालेल्या मर्सेड केंद्रात निघते. बर्कली किंवा लॉस एंजेलिस यांची स्वप्ने पाहणाऱ्या मुलाला मर्सेड हे नाव प्रथमच एप्रिलमध्ये ऐकावे लागणे योग्य नव्हे, ते केंद्र त्याने आदल्या वर्षीच पाहिलेले असावे. आणि या दोन्ही राज्यांतील हमी त्या राज्यात राहून शिकणाऱ्यांसाठी आहे. नागपुरातून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही.

आता दुसरी खात्री, द्रव्याची. या बाबतीत आपल्या समाजात तीन निरनिराळ्या परिस्थिती आहेत आणि एकीचा सल्ला दुसरीला लागू पडत नाही. जे कुटुंब अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी आहे, त्यांना सरकारी साहाय्य मागता येते, आणि अशा साहाय्यात सहभागी असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाने २००८ च्या कायद्यानुसार आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचे गणकयंत्र ठेवणे ऑक्टोबर २०११ पासून सक्तीचे आहे. त्यात घरचे उत्पन्न व मालमत्ता प्रामाणिकपणे भरावी आणि जो आकडा निघेल तो चौपट करून कुटुंबाच्या जमाखर्चाशी ताडून पाहावा. साहाय्य धरून आलेला आकडा झेपत नसेल, तर प्रवेशाची शंभर टक्के हमी असूनही ते नाव खात्रीचे ठरत नाही.

दुसरी परिस्थिती एच-१बी परवान्यावर नोकरी करणाऱ्यांच्या मुलांची. पाचव्या वर्षापासून तेथील शाळेत शिकलेले, बोलण्याचालण्यात संपूर्ण अमेरिकन झालेले मूल अर्जाच्या वेळी संघराज्याच्या साहाय्यास अपात्र ठरते, आणि राज्याच्या रहिवाशाचे कमी शुल्क त्याला लागू होते की नाही याचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. शेजारच्या मुलाला मिळाले म्हणून आपल्याला मिळेल असे गृहीत न धरता, विद्यापीठाच्या रहिवासविषयक दप्तराकडून बारावीच्या आरंभीच याची खातरजमा करून घ्यावी. शिवाय मूल एकविसाव्या वर्षी पालकांच्या परवान्यावरून उतरते, तेव्हा पदवीची अखेरची वर्षे कोणत्या परवान्यावर जातील याचीही तजवीज त्याच वेळी करावी.

तिसरी परिस्थिती भारतातून अर्ज करणाऱ्यांची. विदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज लक्षात न घेता निवड करणाऱ्या आणि ती गरज पूर्णपणे भागविणाऱ्या संस्था हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशा मोजक्याच आहेत, आणि त्या सर्व दुर्लभ असल्यामुळे खात्रीच्या सदरात बसत नाहीत. अन्यत्र साहाय्याचा अर्ज केल्यानेच प्रवेशाची शक्यता घटू शकते. मोठ्या खाजगी विद्यापीठांत वर्षाचा एकूण खर्च आता ऐंशी हजार डॉलरच्या वर गेला आहे. आणि पहिल्या वर्षाचा संपूर्ण खर्च भागविण्याइतकी रक्कम उपलब्ध असल्याची कागदपत्रे दाखविल्याखेरीज विद्यापीठ ‘आय-२०’ हा दाखला देत नाही, ज्यावाचून विद्यार्थी परवान्यासाठी अर्जच करता येत नाही. अशा कुटुंबांनी गुणवत्तेवर शुल्कात सवलत देणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठांचा शोध घ्यावा. अलाबामा विद्यापीठासारख्या काही संस्था किती गुणांना किती सवलत याचे कोष्टकच प्रसिद्ध करतात. ते दरवर्षी बदलते, म्हणून चालू वर्षाचेच पाहावे. विदेशी विद्यार्थ्यांना एकूण किती साहाय्य दिले जाते हे ‘कॉमन डेटा सेट’मधील ‘एच-६’ या कलमात सापडते. तेथे शून्य लिहिलेले असेल तर आशेवर अर्ज करू नये.

भारतातील अर्जदाराला आणखी एक अडचण असते, ती कागदांची. अमेरिकेस नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण लागतात. महाराष्ट्र मंडळाच्या विद्यार्थ्याची नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात झालेली असल्यामुळे दोन संस्थांच्या दप्तरांतून, दोन मुख्याध्यापक वा प्राचार्यांच्या सहीशिक्क्यांनी, ती मिळवावी लागतात, आणि ज्या महाविद्यालयात समुपदेशक हे पदच नाही तेथे त्याचा अहवाल उपप्राचार्यांनी लिहावयाचा असतो, हे त्यांना आपणच समजावून सांगावे लागते. गणेशोत्सवापूर्वी हे काम उरकून घेतले तर दिवाळीच्या सुट्टीत कचेरी बंद म्हणून अर्ज अडत नाही. खात्रीच्या महाविद्यालयाची मुदत अनेकदा इतरांहून आधी असते, हे येथे विसरू नये.

यातूनच मुदतीचा मुद्दा येतो. पिट्सबर्ग विद्यापीठासारख्या काही संस्था आलेले अर्ज क्रमाने तपासून निकाल कळवितात. ऑगस्ट-सप्टेंबरात अर्ज गेला तर बहुधा जानेवारीच्या आत उत्तर हाती येते. असा एक होकार हाती असला म्हणजे उरलेली यादी कमी करता येते, शुल्काची बचत होते, आणि सर्वांत मोठा लाभ असा की पुढचे निबंध मूल भयग्रस्त मनाने लिहीत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी ज्याची मुदत असते त्या ‘अर्ली डिसिजन’ या बंधनकारक अर्जाला मात्र खात्रीचा उपाय समजू नये. तेथे होकार आल्यास जावेच लागते, आणि अन्यत्र मिळू शकणाऱ्या साहाय्याशी तुलना करण्याची संधी उरत नाही. त्याचबरोबर, खात्रीच्या महाविद्यालयाचा अर्ज निष्काळजीपणे लिहिणे हाही एक घातक प्रमाद आहे. काही खाजगी संस्था, हा विद्यार्थी प्रत्यक्षात येणार नाही असे वाटल्यास, उत्तम गुणांच्या अर्जदारालाही प्रतीक्षायादीत टाकतात. ‘सी-७’ मध्ये अर्जदाराच्या आस्थेला महत्त्व दिलेले दिसले, तर तेथील माहितीसभेला हजर राहावे, प्रश्न विचारावे आणि ‘आमचेच महाविद्यालय का’ या प्रश्नाचे उत्तर तेथील अभ्यासक्रमाची नावे घेऊन लिहावे.

तिसरी खात्री मनाची, आणि ती सर्वांत कठीण. बहुतेक घरांत खात्रीच्या महाविद्यालयाची चर्चा ‘दुर्दैवाने तिथे जावे लागले तर’ अशा स्वरात होते. हे ऐकत वाढलेल्या मुलाला तेथील प्रवेशपत्र आले म्हणजे तो पराभव वाटणारच, यात त्याचा दोष काय? म्हणून त्या महाविद्यालयाचा अभ्यास गुणदोषांसह करावा: ज्या शाखेत जावयाचे तिचे प्राध्यापक कोण, पदवीपूर्व विद्यार्थ्याला संशोधनात घेतात काय, अभियांत्रिकी असल्यास ‘एबेट’ची मान्यता आहे काय, किती जण पदवी पुरी करतात, आणि पुढे त्यांची मिळकत काय होते. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे अमेरिकन सरकारच्या ‘कॉलेज स्कोरकार्ड’ या संकेतस्थळावर मिळतात. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांत निवडक विद्यार्थ्यांसाठी ‘ऑनर्स कॉलेज’ची स्वतंत्र व्यवस्था असते, ॲरिझोना राज्य विद्यापीठाचे बॅरेट, पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे श्रायर ही त्यांची ठळक उदाहरणे. लहान वर्ग, स्वतंत्र वसतिगृह, प्रबंध लिहिण्याची संधी असे लाभ तेथे मिळू शकतात. मात्र त्याचा अर्ज बहुधा वेगळा असतो आणि तेथील प्रवेश गृहीत धरू नये. एवढे सर्व पाहून झाल्यावर मुलाला एकच प्रश्न विचारावा: ‘फक्त याच ठिकाणचे पत्र आले, तर तू जाशील का?’ उत्तर देताना तो घुटमळला, तर त्याला बोलू द्यावे, समजूत घालू नये, आणि दुसरे नाव शोधावे.

याशिवाय दोन मार्ग असे आहेत की ज्यांकडे आपले लोक प्रतिष्ठेपायी पाठ फिरवितात. अमेरिकेत वाढलेल्या मुलासाठी पहिला मार्ग स्थानिक द्विवर्षीय महाविद्यालयाचा: कॅलिफोर्नियातील अशा महाविद्यालयातून ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा व सांता क्रूझ या सहा केंद्रांपैकी एकात बदलीची लेखी हमी मिळू शकते, जरी काही शाखा त्यातून वगळलेल्या असतात. दुसरा मार्ग महाराष्ट्रातील मुलासाठी, आणि तो घराजवळचा आहे. अमेरिकेची नियमित उत्तरे मार्चअखेरीस येतात, तोवर राज्याच्या सीईटीची नोंदणी सामान्यतः बंद झालेली असते. म्हणून नोंदणी वेळेत करून ठेवावी, परीक्षा गांभीर्याने द्यावी, आणि बारावीच्या अभ्यासात ढिलाई होऊ देऊ नये. ही शेवटची गोष्ट दुहेरी कारणाने आवश्यक आहे, कारण अमेरिकेतील होकारही सशर्त असतो आणि अखेरचे गुण फार घसरले तर तो मागे घेतला जाऊ शकतो.

अखेर पालकांना एक विनंती. मुलाचे नाव कोठे लागले हे विचारणारे आप्तेष्ट अनेक भेटतील, परंतु चार वर्षांचे शुल्क भरणारे आपण आणि चार वर्षे अभ्यास करणारे मूल, या दोहोंखेरीज त्या निर्णयात कोणाचाही वाटा नाही. म्हणून यादी वरून खाली न लिहिता खालून वर लिहावी. प्रवेश, पैसा आणि मन या तिन्ही कसोट्यांना उतरणारे एक, आणि शक्य असल्यास दोन, नावे प्रथम कागदावर यावीत, आणि ती आल्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयाचे अर्जशुल्क भरू नये.